ॲल्युमिनियमचा हॉट वॉटर बॉयलर तीन वर्षांत गळायला लागला. पाण्याचं नेमकं काय चुकलं?

शेंद्र्याचा_फिटर | ३ जून, रात्री ९.५०

सगळ्यांना नमस्कार. शेंद्रा एमआयडीसीत एका औषध कारखान्यात युटिलिटी सांभाळतो. आमच्याकडं एएचयूच्या (खोल्यांना गाळलेली हवा देणाऱ्या यंत्राच्या) रीहीट कॉइलला, म्हणजे ती हवा गरम करणाऱ्या नळ्यांना, गरम पाणी द्यायला बाहेरून आणलेले दोन कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता घेणारे) आहेत, एलपीजीवर चालणारे. आतलं हीट एक्स्चेंजर, म्हणजे आगीची उष्णता पाण्याला देणारा भाग, ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या ओतीव सेक्शनचं (तुकडे जोडून केलेलं) आहे. सर्किट बंद, सगळं मिळून ४००० लिटर पाणी. जाताना ७५ अंश, येताना ४५.

सोमवारी सकाळी बॉयलर चालू करताना ट्रेमध्ये ओल दिसली. पुढचं जॅकेट काढलं, टॉर्च लावला. दुसऱ्या आणि तिसऱ्या सेक्शनच्या जोडावर पांढरी खपली धरलेली, भिंतीला लोणा येतो ना, अगदी तशी. नखानं खरवडली तर खाली करडा ओलसर चोथा आणि त्यातून एक थेंब हळूहळू फुगून खाली पडायला. अर्ध्या तासात वाटीभर पाणी जमलं.

अजून एक गोष्ट. वर्षभरापासून दर सोमवारी वरच्या एअर व्हेंटमधून हवा काढावी लागते. अर्धा-पाऊण मिनिट नुसता फुसऽऽ आवाज, मग पाणी. एवढी हवा बंद सर्किटमध्ये येते कुठून, हे मला आजवर कळलेलं नाही.

सर्व्हिसवाले म्हणतात, माल चांगला आहे, तुमच्या पाण्यानं खाल्लाय, वॉरंटी मिळणार नाही. पाण्याचं केमिकल देणारे म्हणतात, पाणी एक नंबर आहे, हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) फक्त ५. मॅनेजर म्हणतात, बाहेरून इपॉक्सी लावून सीझन काढा. दुसरा बॉयलरही त्याच वयाचा आहे, म्हणून झोप लागंना. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

भट्टीवाला | ३ जून, रात्री १०.३५

फिटरभाऊ, जालन्यात सत्तावीस वर्षं स्टीम बॉयलरवर काढलीत, फर्स्ट क्लास अटेंडंट आहे. पीएच किती ठेवता ते लिहिलं नाही तुम्ही. आमच्याकडं बॉयलरच्या पाण्याचा पीएच साडेदहा ते साडेअकरा ठेवतात, मग पत्र्याला गंज धरत नाही. त्याच्या खाली गेला की ट्यूबला खड्डे पडलेच म्हणून समजा. आणि शिफ्टला एकदा ब्लोडाऊन (खालचा ड्रेन उघडून थोडं पाणी सोडणं), नाहीतर खाली गाळ बसतो. माझ्या मते तुमचा पीएच कमी पडायलाय. कॉस्टिक सोड्याचा डोस वाढवून बघा.

रसायनताई | ३ जून, रात्री ११.१०

भट्टीवाले काका, तुमच्या अनुभवाला मान आहे, पण फिटरदादा, कृपा करून कॉस्टिक वाढवू नका. आज रात्रीच केमिकल सोडणारा डोसिंग पंप बंद करा आणि मग पुढचं वाचा.

काकांनी सांगितलेले आकडे लोखंडाच्या बॉयलरसाठी अगदी बरोबर आहेत. पण तुमचं भांडं ॲल्युमिनियमचं आहे. घरातलं जर्मनचं पातेलं आठवा. माझी आई जर्मनच्या भांड्यात धुण्याचा सोडा कधीच टाकू द्यायची नाही. एकदा मी टाकून उकळलं होतं, तर पाण्याला बुडबुडे आले आणि पातेलं आतून काळंठिक्कर पडलं. उलट त्याच पातेल्यात अंबाड्याची भाजी शिजवली तर ते आतून लख्ख निघतं, कारण तिच्या आंबटपणानं वरचा थर खाल्लेला असतो. म्हणजे ॲल्युमिनियमला आम्लही चालत नाही आणि अल्कलीही चालत नाही. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो, तेच त्याचं चिलखत. साधारण पीएच ४ पासून साडेआठ-नऊपर्यंत तो थर टिकतो. त्याच्या वर गेलं की थर विरघळतो, मग खालचा धातू पाण्यात जायला लागतो.

आणि विरघळताना हायड्रोजन सुटतो. तुमच्या एअर व्हेंटमधून दर सोमवारी निघणारी 'हवा' ही हवा नसून बरीचशी हायड्रोजन असण्याची दाट शक्यता आहे. व्हेंट उघडताना जवळ काडी, वेल्डिंग, ग्राइंडर काही नको. खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवा.

मी लातूरला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. उद्या एवढं मोजून टाका: सर्किटच्या पाण्याचा पीएच (नमुना गार करून, बाटली काठोकाठ भरून), कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते, म्हणजे क्षार किती), क्लोराइड, हार्डनेस, एकूण अल्कलिनिटी. शक्य असेल तर पाण्यातलं ॲल्युमिनियम, लोखंड आणि तांबंही.

नवा_अप्रेंटिस | ४ जून, सकाळी ७.१५

ताई, एक शंका आहे. फिटरदादांचं पाणी तर सॉफ्ट आहे, हार्डनेस ५. आम्हाला आयटीआयमध्ये शिकवलंय की सॉफ्टनर लावला की बॉयलर सुरक्षित. मग पीएच वाढतो कशानं? मी पैठणचा, सध्या चिकलठाण्यात अप्रेंटिस आहे.

रसायनताई | ४ जून, सकाळी ८.०५

फार चांगलं विचारलंस. आपल्याकडं सगळ्यांचा घोळ इथंच होतो.

मराठवाड्याखाली बसाल्टचा काळा पाषाण. त्यातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० एकूण हार्डनेस २०० मिलिग्रॅमपर्यंत बरा मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. आमच्याकडं त्या वरच्या आकड्याच्या पलीकडचे नमुनेही येतात. त्यामुळं आपल्या डोक्यात पाण्याचा शत्रू एकच बसलाय, क्षार. आणि उपायही एकच, सॉफ्टनर.

पण सॉफ्टनर काय करतो? कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम देतो. बायकार्बोनेट तसंच राहतं. म्हणजे पाण्यात आता सोडियम बायकार्बोनेट झालं, आपला खायचा सोडा. हे पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सोडियम कार्बोनेट उरतं. सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा! बाहेरून एक थेंब केमिकल न टाकता बॉयलरमध्ये धुण्याच्या सोड्याचं पाणी तयार होतं आणि पीएच ९ च्या वर जातो. हार्डनेस तपासायचा किट मात्र '५, एकदम छान' असंच दाखवत राहतो, कारण तो फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम मोजतो.

त्यात सॉफ्टनरच्या रेजिनचं रीजनरेशन (मिठाच्या पाण्यानं परत ताजं करणं) झाल्यावर मीठ नीट धुतलं गेलं नाही तर क्लोराइडही सर्किटमध्ये येतं. ऑक्साइडच्या थरात क्लोराइड सुईसारखं भोक पाडतं. बाकी सगळा पत्रा चांगला आणि एकाच ठिकाणी आरपार छिद्र, हे त्याचं लक्षण.

भट्टीवाला | ४ जून, सकाळी ९.२०

ताई, वाचलं. खायच्या सोड्याचा धुण्याचा सोडा होतो ही गोष्ट इतक्या वर्षांत कुणी अशी सांगितली नव्हती. काल रात्री मी घाईनं डोस वाढवा लिहिलं, ते मागं घेतो. फिटरभाऊ, माझं ऐकून टाकलं तर नाही ना काही?

शेंद्र्याचा_फिटर | ४ जून, रात्री ८.३०

नाही काका, ताईंचा निरोप रात्रीच वाचला आणि डोसिंग पंपाचा प्लगच काढून ठेवला.

आजचे आकडे. पीएच १०.१. कंडक्टिव्हिटी १४६० मायक्रोसीमेन्स. क्लोराइड १८५. हार्डनेस ६. ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं बाहेर पाठवलंय. केमिकलच्या कॅनवरचं लेबल आज पहिल्यांदा नीट वाचलं, तर वापर लिहिलाय 'स्टीम बॉयलरसाठी'. आमच्या जुन्या स्टीम बॉयलरचंच केमिकल त्याच माणसानं इकडंही चालू केलेलं. बॉयलरच्या पुस्तकात मात्र पान ४१ वर चौकटीत लिहिलंय, पीएच ८.५ च्या वर नको. पुस्तक कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत होतं, पिशवीचं सील मीच फोडलं.

दुसरं. ऑपरेटरशी बोललो. तिघंही आधी स्टीम बॉयलरवर होते. सवयीनं शिफ्टला एकदा खालचा ड्रेन उघडून बादली-दोन बादल्या पाणी काढतात. ऑटो मेकअप (कमी झालेलं पाणी आपोआप भरणारी लाइन) लगेच भरून टाकतो. कुणी सांगितलंच नव्हतं की हे करायचं नाही.

गोदाकाठ | ५ जून, रात्री १.४०

नमस्कार मंडळी. मी नांदेडचा. गेली नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये हीटिंगच्या सर्व्हिसचं काम करतो. इथं घराघरात भिंतीवर टांगलेले कंडेन्सिंग बॉयलर असतात आणि त्यातल्या बऱ्याच मॉडेल्सचं एक्स्चेंजर ओतीव ॲल्युमिनियमचंच असतं. पंधरा वर्षं चाललेले, आतून स्वच्छ असलेले मी स्वतः उघडलेत. तेव्हा धातूला दोष देऊ नका. स्टेनलेस स्टीलच्या दहापट सहज उष्णता वाहतो, वजनाला हलका, म्हणून वापरतात. फक्त त्याला लोखंडासारखं वागवलेलं चालत नाही.

फिटरदादा, ब्लोडाऊन आजपासून पूर्ण बंद. स्टीम बॉयलरमध्ये वाफ निघून जाते, क्षार मागं राहतात, म्हणून तिथं ब्लोडाऊन लागतो. तुमच्या सर्किटमधून वाफ जातच नाही. तिथं काढलेली प्रत्येक बादली म्हणजे ताजा ऑक्सिजन, ताजं बायकार्बोनेट आणि ताजं क्लोराइड आत बोलावणं. बंद सर्किटचं पाणी जितकं जुनं तितकं चांगलं. त्यातला ऑक्सिजन संपलेला असतो, ते कुणाला त्रास देत नाही.

जर्मनीच्या इंजिनिअर संघटनेच्या नियमावलीत, व्हीडीआय २०३५ मध्ये, गरम पाण्याच्या सर्किटसाठी आकडे दिलेत. साधारण पीएच ८.२ ते १०.० आणि सर्किटमध्ये ॲल्युमिनियम असेल तर वरची हद्द ९.०. कमी क्षाराचं पाणी म्हणजे कंडक्टिव्हिटी १०० मायक्रोसीमेन्सच्या आत. तुमच्या कंपनीच्या पुस्तकात ८.५ असेल तर तुम्हाला ८.५ च लागू. तुमची १४६० आहे, म्हणजे त्या पाण्यातून धातू-धातूमध्ये करंट फिरायला रान मोकळं. एएचयूच्या कॉइल तांब्याच्या असणार. तांब्याचे कण ॲल्युमिनियमवर येऊन बसले की त्या जागी छोटी बॅटरीच तयार होते आणि खड्डा पडतो.

आता मुख्य प्रश्न. ब्लोडाऊन सोडूनही पाणी जात असेल. एक्स्पान्शन टँक (तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारा) केवढा आहे, त्यातली हवा शेवटची कधी तपासली? सेफ्टी व्हॉल्व्हची नळी कुठं जाते?

शेंद्र्याचा_फिटर | ५ जून, दुपारी २.१०

दादा, टँक ३०० लिटरचा आहे, ब्लॅडरवाला (आत हवा आणि पाणी वेगळं ठेवणारी रबरी पिशवी). हवा कधीच तपासली नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह ४ बारचा, त्याची नळी सरळ फरशीखालच्या ड्रेनमध्ये सोडलीय, त्यामुळं तिच्यातून काही पडतं का ते दिसतच नाही.

जेवणाच्या सुट्टीत जाऊन टँकचं टोपण काढलं. आत सायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह. पिनेनं दाबला. हवेऐवजी पाण्याची चिळकांडी उडाली, तीही काळपट.

गोदाकाठ | ५ जून, संध्याकाळी ७.०५

ब्लॅडर फाटलाय. मला वाटतं, तुमच्या दुखण्याचं मूळ इथं आहे.

हिशेब बघा. २५ अंशाचं पाणी ७५ पर्यंत तापलं की सव्वादोन टक्क्यांच्या आसपास फुगतं. ४००० लिटरला जवळजवळ ९० लिटर. हे ९० लिटर जायला टँकमध्ये हवेची गादी लागते. गादीच नाही, म्हणून दाब ४ बारला जातो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ते पाणी गुपचूप ड्रेनमध्ये सोडतो. रविवारी बंद केल्यावर पाणी आकसतं, दाब पडतो, ऑटो मेकअप सॉफ्टनरचं ताजं पाणी भरतो. आठवड्याला ९० लिटर धरले तर वर्षाला ४६८० लिटर. सगळं सर्किट वर्षात एकदा पूर्ण बदललं, वर आणखी उरलं. ब्लोडाऊनच्या बादल्या वेगळ्या.

दाब पडला की वरच्या मजल्यावर, जिथं आधीच दाब कमी, तिथले एअर व्हेंट उलटे हवा आत ओढतात. तुमच्या सोमवारच्या फुसफुशीत हायड्रोजन असेल तशी ही हवाही असेल.

टँकची हवा कशी ठरवायची: सर्वांत उंच कॉइल टँकपासून किती मीटर वर आहे ते मोजा. दर १० मीटरला १ बार. त्यावर ०.३ बार. हवा भरताना टँकची पाण्याची बाजू सर्किटपासून तोडून रिकामी असली पाहिजे, नाहीतर गेज खोटं बोलतं. बरेच जण पाणी भरलेलं असतानाच गेज लावतात आणि '२ बार आहे, ठीक आहे' म्हणून जातात.

इपॉक्सीबद्दल: अजिबात नको. जोडावर आतून पाणी, बाहेरून धूर आणि आम्लाचा कंडेन्सेट (धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी), त्यात रोजचं गरम-गार. वरून लेप दिला तर पाणी बर्नरच्या बाजूला वाट काढेल. लीक बुजवायचं द्रव सर्किटमध्ये ओतायचं कुणी सुचवलं तरी नको. या एक्स्चेंजरच्या वाटा अरुंद असतात, त्या बुजल्या की पाणी जागेवरच उकळून धातू तडकतो.

तुळजापूर_लॉज | ६ जून, सकाळी १०.४५

मधेच विचारतो, माफ करा. तुळजापूरला आमचं लॉज आहे. नवरात्रात पहाटे तीनपासून भाविकांना आंघोळीला गरम पाणी लागतं. एक जण असाच ॲल्युमिनियमचा भिंतीवरचा बॉयलर घ्या म्हणतोय. आमचं पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. बाथरूमचं पाणी थेट त्यातून न्यायचं म्हणतो. चालेल का?

रसायनताई | ६ जून, सकाळी ११.३०

थेट नको, दादा. आंघोळीचं पाणी रोज नवं. म्हणजे रोज नवा क्षार, नवा ऑक्सिजन. आणि टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं, कालचं आणि आजचं एकच का, हे टँकरवाल्यालाही सांगता येत नाही. अशा पाण्यावर थेट ॲल्युमिनियम मी कधीच लावणार नाही.

गोदाकाठ | ६ जून, दुपारी १२.५०

ताईंशी सहमत. घ्यायचाच असेल तर बॉयलरचं सर्किट वेगळं, बंद, चांगल्या पाण्याचं ठेवा आणि मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर किंवा कॉइल असलेली टाकी घाला. बोअरचं पाणी फक्त त्या प्लेटच्या पलीकडच्या बाजूनं जाईल. क्षार प्लेटवर बसेल, प्लेट उघडून साफ करता येते, बदलताही येते. तुमच्याकडं ऊन भरपूर आहे, आधी सोलर, मग राहिलेल्या तापमानापुरता बॉयलर, असं केलंत तर गॅसही वाचेल.

तुळजापूर_लॉज | ६ जून, दुपारी १.१५

समजलं. प्लेट एक्स्चेंजरसकट कोटेशन मागतो. आई भवानी तुमचं भलं करो.

नवा_अप्रेंटिस | ८ जून, रात्री ९.००

गोदाकाठ दादा, धुराच्या बाजूनं पण ॲल्युमिनियम खराब होतं का? आणि बॉयलरखाली पाणी दिसलं तर ते सर्किटचं की कंडेन्सेटचं, कसं ओळखायचं?

गोदाकाठ | ९ जून, रात्री १२.२०

ओळखायला सोपं आहे. पीएचची पट्टी त्या पाण्यात बुडव. कंडेन्सेट आम्लधर्मी, ३ ते ५ च्या दरम्यान. सर्किटचं पाणी ७ च्या वर, फिटरदादांचं तर १०. पट्टी तांबूस झाली तर आधी कंडेन्सेटचा सायफन (धूर अडवणारा, पाण्यानं भरलेला वाक) आणि नळी बघ, निळी झाली तर सर्किट बघ. इथं नव्या पोरांच्या हातात मी पहिल्या दिवशी पट्ट्यांची डबी देतो.

धुराच्या बाजूबद्दल. एलपीजीच्या धुरातल्या वाफेचं साधारण ५३-५४ अंशांखाली पाणी व्हायला लागतं, नैसर्गिक वायूच्या आणखी दोन-तीन अंश वर. परतीचं पाणी ४५ असेल तर एक्स्चेंजरच्या धातूच्या पंखांवर (फिन) पाणी धरणारच, त्यातूनच तर ही कार्यक्षमता मिळते. त्या आम्लाच्या पाण्यानं ॲल्युमिनियम थोडं-थोडं झिजतं आणि पंखांमध्ये करडा-पांढरा भुगा साठतो, चहाच्या चोथ्यासारखा. वर्षाला एकदा काढलाच पाहिजे. राहिला तर वाट बुजते, धूर कोंडतो, कंडेन्सेट साचून राहतं आणि एकाच जागी खात बसतं.

साफ करताना तारेचा ब्रश कधीही नको. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि तिथून गंज सुरू होतो. प्लास्टिकचा ब्रश, कंपनीनं दिलेली सपाट पट्टी, साधं पाणी आणि व्हॅक्यूम. सायफन धुऊन परत पाण्यानं भरून बसवायचा. रिकामा बसवला तर धूर खोलीत येतो, हे जिवावरचं आहे.

आणि क्लोरीन! बॉयलरच्या खोलीत ब्लीचिंग, हायपो (क्लोरीनचं द्रव), ॲसिडच्या कॅन ठेवू नका. बर्नर ती हवा ओढतो, ज्वाळेत क्लोरीनचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं आणि कंडेन्सेटमध्ये उतरतं. इथं एका लाँड्रीतलं एक्स्चेंजर मी दोन वर्षांत चाळणी झालेलं पाहिलंय. पाणी चांगलं, सर्किट चांगलं, फक्त हवा ब्लीचच्या खोलीतून येत होती.

शेंद्र्याचा_फिटर | ९ जून, सकाळी ८.४०

दादा, हे वाचून उठलो आणि जाऊन बघितलं. कूलिंग टॉवरच्या हायपोच्या चार कॅन बॉयलरच्या खोलीत, पंख्याच्या बरोबर खाली. आत्ता हलवल्या.

लॅबचा रिपोर्टही आलाय. पाण्यात ॲल्युमिनियम १४ मिलिग्रॅम, तांबं थोडं, लोखंड थोडं.

रसायनताई | ९ जून, सकाळी ९.३०

१४ मिलिग्रॅम लिटरला, गुणिले ४००० लिटर, म्हणजे ५६ ग्रॅम ॲल्युमिनियम आत्ता या क्षणी पाण्यात आहे. शिवाय वर्षभर पाणी बदलत राहिलं, तेव्हा आधीचं किती वाहून गेलं असेल याचा हिशेबच नाही. दुसऱ्या बॉयलरलाही तेच पाणी आहे, त्यामुळं थांबू नका.

तुम्ही औषध कारखान्यात आहात, म्हणजे आरओ प्लांट असणारच. ते पाणी उचला. आरओच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतं, त्यामुळं तापल्यावर सोडा होत नाही. पुढं मिक्स्ड बेड (उरलेले क्षार काढणारं रेजिन) लावता आलं तर उत्तमच.

जुनं पाणी काढताना पावसाच्या गटारात सोडू नका, ईटीपीला (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणाला) पाठवा. मग आरओच्या पाण्यानं भरा, पंप काही तास फिरवा, काढा, परत भरा. बाहेर येणाऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी भरलेल्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत. पाइपलाइन धुताना बॉयलर बायपास करा, म्हणजे जुना गाळ एक्स्चेंजरमध्ये जाणार नाही. आणि कुणीही, कितीही आग्रह केला तरी ॲसिडनं डिस्केलिंग नको. आपल्याकडं हायड्रोक्लोरिक सर्रास ओततात. लोखंडात निभावून जातं, ॲल्युमिनियमचं एका दिवसात वाटोळं होईल.

गोदाकाठ | ९ जून, दुपारी ३.३०

नव्या सेक्शनबद्दल दोन गोष्टी. रबरी सील ईपीडीएमचे असतील तर त्यांना साधं ग्रीस लावू नका, पेट्रोलियमच्या ग्रीसनं ते फुगून मऊ पडतात. सिलिकॉन ग्रीस लावा. आणि सेक्शन बांधणारे टाय रॉड टॉर्क रेंचनंच, पुस्तकातल्या आकड्याला आणि त्यात दिलेल्या क्रमानं. गळतंय म्हणून पाना लावून आवळत गेलं की ओतीव ॲल्युमिनियमला चीर जाते.

इनहिबिटर (गंज रोखणारं औषध) घ्याल तो ॲल्युमिनियमला चालतो असं लेबलवर लिहिलेला घ्या. त्याचा अंश मोजायचा किटही त्याच वेळी मागा, कारण न मोजता टाकलेल्या औषधाचा भरवसा नाही.

भट्टीवाला | १० जून, सकाळी ६.५०

एक विचारतो. स्टीम बॉयलरला दरवर्षी निरीक्षक येतात, हायड्रॉलिक टेस्ट होते, सर्टिफिकेट मिळतं. यांच्याकडं कोणी का आलं नाही?

शेंद्र्याचा_फिटर | १० जून, सकाळी ७.३०

काका, बॉयलरच्या कायद्यात १०० अंशांखाली पाणी तापवणारं भांडं बॉयलरमध्ये धरतच नाहीत. म्हणून निरीक्षक नाही, सर्टिफिकेट नाही, पाण्याचा रजिस्टरही कुणी मागत नाही. सगळं आपल्याच हातात.

शेंद्र्याचा_फिटर | १७ सप्टेंबर, रात्री १०.१५

आज मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, निवांत लिहायला वेळ मिळाला. तीन महिन्यांचं काम सांगतो, ताईंनी आणि गोदाकाठ दादांनी वेळोवेळी फोटो बघून सांगितलं म्हणून झालं.

पहिल्या बॉयलरचे दोन सेक्शन बदलले. काढलेला सेक्शन टेबलावर ठेवून आडवा कापला. पाण्याच्या बाजूनं पांढरा जेलीसारखा थर, तो बोटानं पुसला की खाली पत्रा खरबरीत, गव्हाच्या दाण्याएवढे खड्डे. जोडाजवळ जिथं गळत होतं तिथं तीन खड्डे एकमेकांत मिळाले होते. नवीन असताना तिथली भिंत किती जाड होती ते दुसऱ्या टोकाला दिसत होतं. मॅनेजरसाहेबांना नेऊन दाखवला, त्यांनी हात फिरवून बघितला आणि आरओच्या लाइनची मंजुरी त्याच दिवशी दिली.

दुसरा बॉयलर उघडला. खड्डे आहेत, पण आरपार नाहीत. कंपनीच्या माणसानं प्रेशर टेस्ट घेतली, सेक्शन ठेवलेत.

एक्स्पान्शन टँकचा ब्लॅडर नवा. वरची कॉइल १५ मीटरवर, म्हणून हवा १.८ बार. सेफ्टी व्हॉल्व्हची नळी फरशीखालून काढून उघड्या फनेलमध्ये आणली, आता थेंब पडला तरी दिसतो. ऑटो मेकअप बंद, मेकअपला वॉटर मीटर आणि हाताचा व्हॉल्व्ह. परतीच्या लाइनला मॅग्नेटिक फिल्टर. खालच्या ड्रेन व्हॉल्व्हचं हँडल काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. ऑपरेटरांना वाईट वाटू नये म्हणून तिघांना बसवून ताईंची जर्मनच्या पातेल्याची गोष्ट सांगितली. त्यातल्या एकानं घरी खरंच करून बघितलं, दुसऱ्या दिवशी काळं पडलेलं झाकण डब्यासोबत घेऊन आला.

पाणी धुवायला चार फेऱ्या लागल्या. भरल्यावर पीएच ६.९, कंडक्टिव्हिटी ४० होती. इनहिबिटर टाकल्यावर कंडक्टिव्हिटी वाढली, पण तो औषधाचाच हिशेब आहे. आत्ता दहा आठवड्यांनी पीएच ७.९ वर येऊन थांबलाय. ॲल्युमिनियम ०.३ मिलिग्रॅम.

रसायनताई | १७ सप्टेंबर, रात्री १०.४०

०.३ वाचून खरंच आनंद झाला. पीएच महिन्याला एकदा, ॲल्युमिनियम सहा महिन्यांनी. पीएच ८.३ च्या वर सरकायला लागला तर मला लगेच कळवा, तेव्हा कुठून तरी सॉफ्टनरचं पाणी आत येतंय असं समजायचं.

भट्टीवाला | १८ सप्टेंबर, सकाळी ६.३५

फिटरभाऊ, आमच्याही कारखान्यात ऑफिसच्या बाजूला असाच एक छोटा बसवायलेत. पुस्तकातलं पाण्याचं पान आणि तुमच्या लॉगबुकच्या पानाचा फोटो टाका. बसवायच्या आधीच साहेबांपुढं ठेवतो.

शेंद्र्याचा_फिटर | २२ सप्टेंबर, सकाळी ८.५५

काका, दोन्ही फोटो तुम्हाला निरोपातून पाठवलेत. लॉगबुकमध्ये चारच रकाने आहेत: गार असताना दाब, गरम झाल्यावर दाब, मेकअप मीटर, सही. मीटर १ ऑगस्टपासून २१२ लिटरवर आहे, हललेला नाही.

आज सोमवार. बॉयलर चालू करायच्या आधी सवयीनं वर गेलो आणि एअर व्हेंट उघडला. फुसफुस नाही, पहिल्याच फेऱ्याला पाणी आलं, स्वच्छ. व्हेंट बंद केला, खाली येऊन लॉगबुकमध्ये लिहिलं.